खेकडा

ती फोर्कलिफ्टनं ट्रकमधल्या विटा उतरवत होती, तेवढ्यात मुकादम धापा टाकत आला.

"बाई, फोर्कलिफ्ट घेऊन चला! पाइप घसरला. तुमचे भाऊजी चरात अडकलेत!"

गाडीच्या पुढच्या काट्यांवरच्या विटा तिथेच ठेवून तिनं गाडी वळवली. भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर. पाइप बसवणाऱ्यांच्या टोळीत होता.

चराच्या तोंडाशी ती पोचली तेव्हा सिमेंटचा पाइप त्याच्या डाव्या पायावर पडलेला होता. खाली उतरलेल्या दोघांनी पाइपाला पट्टे आवळले होते. आता काट्यांना अडकवून तो वर उचलायचा, तोही अगदी सरळ. गाडी हातभर जरी बाजूला राहिली, तर पाइप उचलला जाण्याआधी पायावरून घसटणार. आणि तिची गाडी चांगली दोन हात उजवीकडे होती. उजव्या अंगाला दगडी भिंत. नेहमीसारखी डावीकडे वळवावी तर मागचं धूड भिंतीवर आदळणार. फार पुढे न्यावी तर चराची कड ढासळणार.

"आता हो?" मुकादमाचा आवाज चिरकला.

"खेकडा लावते."

चारही चाकं एकाच बाजूला तिरपी करायची, म्हणजे गाडी तोंड न वळवता तिरकी सरकते. सरावाच्या मैदानावर तिला हे जमलं होतं. पण तिथे पुढे चर नव्हता आणि खाली घरचं माणूस नव्हतं.

तिरकं पुढे सरकायला जागा हवी म्हणून आधी तिनं गाडी सरळ मागे घेतली. खेकडा लावण्यापूर्वी मागची चाकं नीट सरळ हवीत. ती सरळ झाली की हिरवा दिवा लागतो. तो लागेना. चाकाला चिखल धरला असेल का? की दिवाच गेला? तिनं स्टिअरिंग हळूच इकडून तिकडे हलवलं. दिवा लुकलुकला, विझला, मग लागला.

"वहिनी," खालून क्षीण हाक आली, "जरा लवकर..."

"आलेच हो भाऊजी!"

गाडी बोटबोट तिरकी सरकली. मुकादमानं हात वर केला, तशी ती थांबली. जमीन डावीकडे कललेली होती. तिनं गाडीचा सांगाडा समतल केला, मगच बूम, म्हणजे काटे धरणारा लांब हात, पुढे काढला. पट्टे काट्यांना अडकले. गाडी कण्हली, मागचं एक चाक जरासं हललं. पाइप वर आला. वीतभर. हातभर.

"काढला! काढला!" चरातले दोघं ओरडले.

पाइप बाजूला ठेवून तिनं इंजिन बंद केलं. खाली उतरून ती चराकडे धावली.

पाय दोन ठिकाणी मोडला होता, पण कापावा लागणार नाही, असं सोबत आलेले डॉक्टर म्हणाले. ॲम्ब्युलन्समध्ये दीर तिचा हात सोडेना.

"आईला तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "माझ्यानं नाही होणार."

तिनं फोन लावला. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला आणि तिला एकदम रडूच फुटलं.