मंत्र्यांनी सांगितलेला आकडा

सातुर्निनाने डब्याचं झाकण काढून सूप ढवळून दाखवलं. फौजदार बेंडेझू आत डोकावला. बटाटे, मक्याचे दाणे, मेंढीचं एक हाड.

"नवऱ्यासाठी आणलंय. ग्रेगोरिओ. काल मोर्चातून उचललात तो."

"ओळखपत्र द्या, मावशी."

किल्यापाताच्या चौकीत कैद्याला घरचेच जेवू घालतात, आणि डबा आणणाऱ्याने ओळखपत्र जमा करायचं असतं. बेंडेझूने ते खणात टाकलं. खणाला कुलूप लावलं.

मागे पत्रकारांसाठी टेबल मांडलं होतं. त्यावर चिठ्ठ्या चिकटवलेला पुरावा: लामांचा कळप हाकायची गोफण, मोर्चातला ढोल. पलीकडे ग्रेगोरिओ आणि ढोलवाला, अंगात 'दहशतवादी' लिहिलेली जाकिटं. ढोलवाल्याचं गुडघ्यापर्यंत आलं होतं. तिसरं खुर्चीवर पडलं होतं.

"हा कसला दहशतवादी, साहेब? कोंबडी कापायला शेजाऱ्याला बोलावतो."

"माहीत आहे हो. पण सकाळी मंत्री रेडिओवर म्हणाले, तीन पकडले. माझ्याकडे दोनच. निवडणूक तोंडावर आलीय, त्यांना खोटं पाडू?" त्याने जाकीट उचललं. "जरा हात वर करा."

"आणि सूप?"

सूप टेबलावर गेलं. बेंडेझूने चिठ्ठी लावली: 'रसद'.

"सातू, कशाला आलीस?" ग्रेगोरिओ पुटपुटला.

"म्हटलं, तुला भूक लागली असेल."

"लागलीय," डब्यावरची नजर न काढता तो म्हणाला.

रेडिओवर मंत्री पुन्हा बोलू लागले. टोळीत चौथी एक तरुणी आहे, ती आज सापडेलच. बेंडेझूने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात दारात त्यांची मुलगी नेली येऊन उभी राहिली, आईची लोकरी शाल हातात घेऊन. बेंडेझू उठला.

"ओळखपत्र?"

"दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे गं," सातुर्निना मोठ्याने म्हणाली. "रोज एक चुकतंच. कोण कुठली पोरगी!"

नेलीने आईच्या छातीवरची अक्षरं वाचली. मग बापाकडे पाहिलं. तो सूपच बघत होता. खिशाकडे गेलेला तिचा हात थांबला.

"माफ करा, काकू," ती म्हणाली, आणि शाल छातीशी धरून बाहेर पडली.

"नाक तुमच्यावर गेलंय," बेंडेझू हळूच म्हणाला.

तो दाराकडे दोन पावलं गेला, उंबऱ्यापाशी घुटमळला, आणि समोरून येणाऱ्या पत्रकारांना आत या म्हणाला.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला.

"मावशी, हसू नका. फोटो दहशतवाद्याचा आहे."

सातुर्निनाने ओठ दाबून पाहिले. खिडकीतून चौक दिसत होता, पार पलीकडच्या टोकापर्यंत रिकामा. तिला काही जमेना.