घाई नाही, सवडीनं दे

त्या कारखान्यात शिरणाऱ्याला आधी पाय दिसायचे, माणसं नंतर. लाकडी पाय, जोडीजोडीनं, भिंतभर फळ्यांवर मांडलेले. काही सरळ, बरेचसे वाकडे. एखादा जोडीदारापेक्षा बोटभर आखूड, एखाद्याच्या अंगठ्याशी मोठा उंचवटा, एखाद्याला टाच जवळजवळ नाहीच. नवा माणूस दचकायचा आणि मग उगाच हसायचा.

इथे बुटांचे फर्मे बनत. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर चामडं ताणून बूट शिवतात. साध्या बुटांना हल्ली प्लास्टिकचे फर्मे चालतात, तेव्हा त्या धंद्यावर या मंडळींनी केव्हाच पाणी सोडलं होतं. ज्यांच्या पायाला बाजारातला बूट बसतच नाही, अशांचे फर्मे इथे बनत. परदेशातून मापं यायची, इथून फर्मे जायचे. एकाचा फर्मा दुसऱ्याच्या काडीच्याही कामाचा नाही. म्हणजे माल एकदा गेला की गेला. पैसे मिळाले नाहीत म्हणून तो परत मागवून करायचं काय? लोकांचे पाय घरात आणून ठेवायचे?

हे सगळं कळून चुकलेली एकच व्यक्ती तिथे होती, आणि ती कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत कपाळाला हात लावून बसली होती. मालकांची थोरली लेक. तिच्या पाठीमागे तिला सगळे हिशेबताई म्हणत, समोर नुसतं ताई. एका गिऱ्हाइकानं सबंध वर्षाची बिलं थकवली होती. त्याच गिऱ्हाइकाच्या भरवशावर बाबांनी कर्ज काढून फर्मे कातायचं मोठं यंत्र घेतलं होतं. आता बँकेचे हप्ते तुंबले होते आणि बँकेनं स्वच्छ सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत थकबाकी भरा, नाहीतर यंत्र उचलून नेतो. यंत्र गेलं की कारखाना गेला. कारखान्याबरोबर दोन कारागीर, आणि त्यांतले एक पॉलिशकाका तर ताईच्या जन्माच्याही आधीपासून तिथे काम करत होते.

गिऱ्हाईक म्हणाल तर बाबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि मित्र म्हणाल तर सगळ्यात जुना मित्र. ही दोन्ही माणसं एकच असणं, हेच सगळ्या दुखण्याचं मूळ होतं. तरुणपणी दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली, एकाच बाकावर शिकले. त्याचा डावा पाय जन्मापासून आखूड. बाबा त्याला दीडपाय म्हणायचे, आणि तसं म्हणायचा हक्क जगात फक्त बाबांना होता. बाबांनी स्वतःच्या हातानं घडवलेला पहिला फर्मा त्याच्याच पायाचा. तो बूट घालून दीडपाय परदेशी गेला, तिकडे दुकान काढलं आणि तिकडच्या वेड्यावाकड्या पायांची मापं इकडे पाठवू लागला. वर्षानुवर्षं पैसे वेळच्या वेळी आले. मग उशिरा येऊ लागले. मग "पुढच्या आठवड्यात नक्की" आलं. आणि मग काहीच येईना.

ताईनं पत्रं पाठवली, फोन केले. दुकानाचा फोन बंद. शेवटी तिनं तिकडच्याच एका वसुली करणाऱ्या कंपनीला गाठलं. जे वसूल होईल त्यातला चौथा हिस्सा त्यांचा, काहीच नाही झालं तर काहीच नाही. तिथल्या बाईंचा आवाज असा कोरडा, की पलीकडे माणूस आहे की यंत्र, अशी शंका यावी. ताईला तो आवाज फार आवडला. आपल्या बाजूनं इतक्या थंड डोक्याचं कुणी बोलतंय, याचाच तिला आधार वाटायचा.

वसुलीबाईंनी कळवलं की दुकानाला कुलूप आहे, पाटी उतरवली आहे, मनुष्य राहत्या घरी नाही. बिलं, माल पोचल्याच्या सह्या, सगळं पाठवा. ताईनं सगळं पाठवलं, एक कागद चुकवला नाही. बाईंनी दीडपायच्या वकिलाचा पत्ता लावला आणि त्याच्यामार्फत रीतसर मागणी धाडली. ताई पहिल्यांदाच जरा मोकळा श्वास घेऊन जेवली.

उत्तर आलं ते एका दुपारी. ते उघडून ताईनं वाचलं आणि तिला काही समजेचना. वकिलाचं म्हणणं होतं की ही रक्कम फेडायची मुदत अजून भरलेलीच नाही, कारण देणेकऱ्याला खुद्द कारखान्याच्या मालकांनी बेमुदत सवलत दिलेली आहे. पुरावा सोबत जोडला आहे. पुरावा म्हणजे फोनवरून पाठवलेला बोलका निरोप. ताईनं तो कानाशी लावला.

"अरे दीडपाय, रडतोस काय असा? पैशाचं मनाला लावून घेऊ नकोस. घाई नाही, सवडीनं दे. आधी वहिनींच्या तब्येतीचं बघ. मी कुठे पळून चाललोय?"

बाबांचा आवाज. मागे यंत्राची घरघर, आणि पॉलिशकाकांचं खोकणंसुद्धा ओळखू येत होतं. असे निरोप एकाला एक लागून बरेच होते, आणि प्रत्येकात शेवटी तेच, सवडीनं दे.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. वसुलीला माणूस लावायचा तिनं, बँकेच्या साहेबासमोर तोंड वेंगाडायचं तिनं, कारागिरांना अर्धा पगार देताना जमिनीकडे बघायचं तिनं. आणि बाबा मागल्या दारानं सगळं माफ करत बसले होते! ती तशीच उठून बाकापाशी गेली. बाबा एका फर्म्याची टाच कानशीनं घासत होते.

"दर रविवारी अंगणात जाऊन फोनवर आत्याशी बोलतो म्हणालात ना?"

बाबांचा हात थांबला. "आत्याशी पण बोलतो."

"बाबा!"

"तोच करतो फोन. मी आपला मधूनमधून निरोप धाडतो," बाबा म्हणाले. "रडतो गं तो. बायको अंथरुणाला खिळलीये त्याची. दुकान बुडालं. अशा माणसाला काय सांगू? हप्ता टाक म्हणून?"

"आणि काका रडले म्हणजे? त्यांना सांगू का सवडीनं जेवा म्हणून?"

पॉलिशकाका शेजारीच होते. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिले. ताईला लगेच वाईट वाटलं, पण बोललेलं परत थोडंच घेता येतं. तिनं फोन बाबांच्या कानाला लावला. स्वतःचाच आवाज ऐकताना बाबांचा चेहरा उतरत गेला.

"हे तुला कुणी दिलं?"

"त्याच्या वकिलानं."

"म्हणजे त्यानं माझा आवाज वकिलाला दिला?" बाबांनी विचारलं. बाबांनी कानस खाली ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा हातात घेतली नाही.

वसुलीबाईंनी ताईला पुढचा रस्ता सांगितला. तोंडी सवलत मागे घेता येते. आणि हा मनुष्य सगळ्या जगात फक्त तुमच्या वडिलांशी बोलतो आहे, तर त्यांनी गोड बोलून त्याच्याकडून दोन गोष्टी काढून घ्याव्यात. तो सध्या कुठे काम करतो, आणि दुकानातली शिलाईची मोठी यंत्रं कुठे आहेत. ती विकली तरी बरीच रक्कम येईल. तुमचा बेत त्याला कळू देऊ नका, नाहीतर तो यंत्रं हलवेल.

"गोड बोलून?" बाबा म्हणाले. "आयुष्यभर त्याच्याशी गोडच बोललो की. आता त्यातच फास लपवू?"

"त्यानं नाही लपवला?"

"त्यानं लपवला म्हणून मी शिकू होय?"

ताईनं कपाळावर हात मारून घेतला. तिला बाबांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्याविषयी असं काही वाटलं, की ती मान फिरवून खिडकीबाहेर बघू लागली. महिनाअखेर जवळ येत चालली होती आणि बापाच्या भलेपणावर बँक एक दमडीही द्यायला तयार नव्हती.

रविवारी फोन वाजला. वकिलाकरवी असं उत्तर धाडून झाल्यावरही दीडपाय फोन करील असं ताईला वाटलं नव्हतं. बाबांना वाटलं होतं. ते सकाळपासून फोन समोर ठेवून बसले होते. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि तिलाही बसायची खूण केली.

"काय रे, कसा आहेस?" पलीकडचा आवाज थकलेला होता.

"वहिनी कशा आहेत?" बाबांनी आधी तेच विचारलं. त्या तशाच होत्या. मग बाबांनी घसा साफ केला.

"ऐक. आधीच सांगतो, म्हणजे मागाहून बोल नको. शेजारी माझी लेक बसलीये. यापुढे तू जे बोलशील ते सगळं ती वसुलीवाल्यांना कळवणार. नसेल सांगायचं तर सांगू नकोस, फोन ठेव. मला राग नाही यायचा."

ताईनं डोळे मिटून घेतले. गेलं सगळं, तिला वाटलं. चोराला दारातून ओरडून सांगायचं, की बाबा रे, आम्ही जागे आहोत!

दीडपायनं फोन ठेवला नाही.

"सवडीनं दे म्हणालो होतो, ते मागे घेतो," बाबा म्हणाले. "माझ्याकडे सवड नाही उरली, दीडपाय. यंत्र उचलून नेतायत. लेक वर्षभर बिनपगारी राबतेय, आणि मी तिच्या जिवावर तुझ्याशी उदारपणा करत बसलो. तुझी यंत्रं कुठे आहेत?"

ताईला वाटलं, आता तो फोन ठेवणार.

"मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये आहेत," दीडपाय म्हणाला. "झाकून ठेवलीयेत. ही बरी झाली की पुन्हा दुकान काढीन म्हणत होतो." मग तो म्हणाला, "मी एका ठिकाणी टाचा बसवून देतो हल्ली, रोजावर. पत्ता सांगतो, लिहून घे. तूच लिही. पोरीला नको लावू."

बाबांनी लिहून घेतलं. अक्षरं वाकडीतिकडी आली, पण सगळं लिहिलं. शेवटी दीडपाय म्हणाला, "वकिलाला ते निरोप मी दिले. त्यानं विचारलं, काही आहे का जवळ, आणि माझ्याजवळ तेवढंच होतं." बाबा काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला.

पुढचं सगळं वसुलीबाईंनी झटपट उरकलं. यंत्रं विकली गेली. उरलेल्या रकमेचे महिन्याचे हप्ते ठरले, दीडपायनं त्यावर सही केली. आलेल्या पैशातून बँकेची थकबाकी कशीबशी फिटली आणि यंत्र जागच्या जागी राहिलं. पॉलिशकाकांना पूर्ण पगार मिळाला तेव्हा त्यांनी तो न मोजता खिशात घातला आणि ताईच्या डोक्यावर हात ठेवला. वसुलीबाईंनी लिहिलं, की इतका सरळ कबुलीजबाब आपल्या कारकिर्दीत पाहिला नाही; तुमच्या वडिलांनी नेमकी काय युक्ती केली? ताईनं त्याचं उत्तर धाडलं नाही. काय लिहिणार होती?

रविवार मात्र मुके झाले. बाबा फोन समोर घेऊन बसायचे. दुपार व्हायची, बाबा उठायचे, कुणी काही विचारायचं नाही. कारखान्यात ते पूर्वीसारखेच काम करत, पण फळीवरचा एक जुना, काळपट पडलेला आखूड पाय अधूनमधून खाली काढून तेलाच्या फडक्यानं पुसत आणि परत ठेवत. यंत्राचा आवाज चालू असायचा. ताई काचेतून बघायची. आपलं यंत्र वाचलं ते त्याच्या यंत्रांवर, हे तिला ठाऊक होतं. हक्काचेच पैसे होते, त्यात खोट काही नव्हती, तरी घास गोड लागत नव्हता.

"तुम्हीच करा की फोन," ती एका रविवारी म्हणाली.

"कोणत्या तोंडानं करू? त्याची यंत्रं विकायला लावली मी."

"तुम्ही नाही. मी."

"तेच ते," बाबा म्हणाले.

मग बाबांच्या फोनमधला नंबर तिनंच आपल्या फोनवरून लावला. वर्षभर तिनं याच माणसाला शोधलं होतं आणि आज पहिल्यांदा आपणहून, बिलांचा एकही कागद समोर न ठेवता, ती त्याला फोन करत होती. फोन बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला, आणि ती काही बोलायच्या आतच पलीकडून घाईघाईनं आवाज आला,

"हप्ता भरलाय हो मी! कालच भरलाय, पावती आहे माझ्याकडे."

तिनं फोन बाबांच्या हातात दिला.

"हप्ता गेला खड्ड्यात," बाबा म्हणाले. एरवी हिशेबताईनं हे वाक्य कुणालाही पुरं करू दिलं नसतं. "तुझा पाय कसा आहे?"