बिनतळाचे बूट

वाद्यवृंदातली मंडळी त्याला अंगठेबहाद्दर म्हणत आणि तोही ते नाव मिरवी. सही येत नव्हती असं नाही, सही तो झोकात ठोकी. पण त्याचे डोळे जन्मापासून रजेवर, तेव्हा त्यांचं निम्मं काम उजव्या पायाच्या अंगठ्याने अंगावर घेतलं होतं. गिटारच्या आवाजाला नाना रूपं देणारी त्याची पेडलं एका फळीवर ओळीने बसवलेली असत. पायाने बटण दाबलं की एक आवाज घुमवी, दुसरं फाडी, तिसरं पाण्यात बुडवल्यासारखा करी. ओळख पटावी म्हणून ताईने एकावर शर्टाची गुंडी चिकटवली होती, दुसऱ्यावर आगकाडी, तिसऱ्यावर पॉलिशपेपरचा तुकडा. अनवाणी पाय फिरला की अंगठा सगळं वाचून काढी. पेडलावरची एखादी खुंटी केसभर सरकली तरी त्याला पत्ता लागे. ताई तर शपथेवर सांगे की नाण्यावर पाय पडला, तर हा अंगठा नाणं कोणत्या सालचं तेही सांगतो.

गाडं अडलं ते नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात. तिथे शनिवारच्या संध्याकाळी कायमचा गिटारवाला हवा होता. ही जागा मिळाली तर ठीक, नाहीतर दाजींच्या पंपांच्या दुकानात बसून फोन उचलायचे. आणि दाजी दिवसभर शीळ घालत, तीही बेसूर. मॅनेजरसाहेबांना वादन पसंत पडलं, पण खाली नजर जाताच ते दचकले. पाहुण्यांसमोर काळे चकचकीत बूट हवेत, असा मालकांचा हुकूम होता. अंगठ्याची कैफियत त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि बूट घाला म्हणाले.

पहिल्या शनिवारी त्याने बूट घातले. बुटात अंगठा म्हणजे गोणपाटातून पेपर वाचणं. धून अगदी हळुवार चालली होती, समोर एक म्हातारं जोडपं लग्नाचा वाढदिवस साजरा करत होतं. आता जरा घुमवावं म्हणून त्याने पाय टाकला, तर बुटाने शेजारच्या फाडणाऱ्या पेडलालाही दाबलं. ट्रकचा गिअर दातओठ खात पडावा तसा आवाज फुटला आणि घुमून घुमून पुन्हा पुन्हा परत आला. आजोबांची कवळी सूपमध्ये पडली. आजींना कित्येक वर्षांनी ऐकू आलं, आणि मग त्या आजोबांना जे बोलल्या ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

मॅनेजरसाहेबांनी आणखी एकच शनिवार दिला. बुटांसकट.

घरी ताईने बूट हातात घेऊन उलटसुलट केले.

"वरून दिसले म्हणजे झालं ना रे? खाली वाकून कोण बघतंय?"

ती तडक कोपऱ्यावरच्या बूटवाल्या काकांकडे गेली. काका ऐकेनात. जन्मभर तळ ठोकत आलो, आता उचकटत बसलो तर गिऱ्हाइकं काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. ताईने तोंडाचा पट्टा सोडला तेव्हा कुठे त्यांनी खालचं सगळं साफ उतरवलं आणि घोट्याशी इलॅस्टिक लावून दिलं. वरून पाहावं तर साहेब, खालून पाहावं तर आईच्या पोटातून आला तस्सा.

दुसऱ्या शनिवारी तो मागच्या दाराने आत गेला. तिथली फरशी नुकतीच धुतलेली होती. तळव्यांना छान गार वाटलं, एवढंच. तो स्टेजवर बसून तारा लावतोय तोच मॅनेजरसाहेब घाईघाईने आले आणि कानाशी कुजबुजले, की कोणीतरी अनवाणी माणूस हॉलमध्ये शिरलाय, ओल्या पावलांचे ठसे थेट इथवर आलेत.

"तुम्ही कोणाला पाहिलंत?" म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"पाहिलं असतं तर लपवलं असतं होय?" तो म्हणाला.

रखवालदार टेबलांखाली शिरले, पाहुणे पाय वर घेऊन बसले. आता वाजवणंच बरं, म्हणून त्याने सुरुवात केली. अंगठा आठवडाभराचा उपाशी. गुंडीवरून काडीवर, काडीवरून पॉलिशपेपरवर असा काही नाचला की गिटार कधी नदीतून बोलली, कधी डोंगरावरून. वेटर ताटं धरून थिजले. एक रखवालदार टेबलाखालीच मांडी घालून ऐकत बसला.

तेवढ्यात अंगठ्याला ऊन ऊन श्वास लागला. मॅनेजरसाहेब ठशांचा माग काढत रांगत आले होते. दाजींची शीळ त्याच्या कानात वाजू लागली. पण थांबणं म्हणजे कबुली, म्हणून त्याने धून शेवटापर्यंत नेली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हे काय आहे?" खालून आवाज आला.

"बूट."

"आणि तळ?"

"मालकांच्या हुकुमात तळाचं काही नव्हतं, साहेब."

खालून एक बोट बुटाच्या चकचकीत नाकावरून फिरलं. मग साहेब म्हणाले, "बूट दिसायला हवेत. दिसताहेत. दर शनिवारी वेळेवर येत जा."

तरी ते उठेनात.

"सकाळपासून उभा आहे हो मी," ते आणखी खालच्या आवाजात म्हणाले. "कुठे करून देतात हे?"

त्याने काकांचा पत्ता सांगितला. पुढची धून सुरू करायला त्याने हात उचलला, तोच पायाशी नाडी सैल करण्याचा आवाज आला. एक. मग दुसरी.