आवडीला वर नेलं तो दिवस

मी खुर्ची बोलतेय. जमिनीवर ठेवायची नव्हे, खांद्यांवरून वाहायची. नेरळच्या सुतारानं माझी सागाची चौकट केली, वेताची बैठक विणली आणि दोन्ही बाजूंना लांब दांडे बसवले. तेव्हा माथेरानला आगगाडी जात नव्हती. ज्यांना घोड्यावर बसवत नसे, ती माणसं माझ्यासारखीत बसून डोंगर चढत.

माझ्या मालकीणबाई मिस हॅना. मुंबईत मिशनच्या शाळेत शिकवायच्या, उन्हाळ्यात माथेरानला राहायच्या. एक पाय अधू. मला उचलायला पायथ्याच्या ठाकरवाडीतले चौघे असत. त्यांचा म्होरक्या लडकू.

बाईंचं मराठी पुस्तकातलं. दांडे खाली टेकले की त्या दर खेपेला म्हणायच्या, "मी तुमची आभारी आहे." लडकू एकदा जोडीच्या भोयाला, पोशाला, म्हणाला, "ही बाई रोज आपली बोळवण का करते रं? उद्या बोलवायचं नाय का काय?"

बाईंनी ते ऐकलं. खूप हसल्या. तेव्हापासून त्या "उद्या या हां" एवढंच म्हणू लागल्या.

वाटेत वाघोबाचा दगड लागे. तिथं चौघं हात जोडायचे. पहिल्या वर्षी बाई तेवढ्यात घड्याळ बघायच्या. तिसऱ्या वर्षी त्याही खाली उतरून उभ्या राहू लागल्या.

त्या रोज विचारायच्या, "लडकू, घरी सगळं ठीक?"

"बरं हाय, बाई."

त्या वैशाखात लडकूची बायको आवडी बाळंत झाली. मुलगी झाली. पण आवडीचा ताप उतरेना. पाच दिवस लडकूचं उत्तर तेच, बरं हाय. सहाव्या दिवशी बाईंना नेरळहून वर नेताना वाडीजवळच्या चढणीला त्याचा खांदा डगमगला, मी कलले, आणि पोशानं सगळं सांगून टाकलं.

बाई चिडल्या. "मी रोज विचारते ना? मग खोटं का बोललास?"

"खोटं नाय, बाई," लडकू खाली बघत म्हणाला. "खांद्यावरच्या माणसाला आपलं दुख कसं सांगायचं? त्याला वझं हुतं."

बाईंनी काठी हातात घेतली. मग म्हणाल्या, "मला उतरव. आवडीला वरच्या दवाखान्यात नेऊ."

"तुमच्या खुर्चीत? तिला कशी बशिवू, बाई?"

"माणसासाठीच आहे ना ती?"

आवडीला गोधडीत गुंडाळून माझ्यात बसवलं. तान्ही पोर तिच्या आत्याकडे राहिली. चौघं जवळजवळ धावतच निघाले. बाई काठी टेकत मागं. आवडीनं माझा हात घट्ट धरला होता. अर्ध्या चढावर ती पकड सुटली. लडकूच्या आधी ते मला कळलं.

बाई धापा टाकत पोचल्या तेव्हा दांडे जमिनीवर होते. त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक काढलं, तसंच मिटलं. पोशाला हळूच विचारलं, "तुमच्यात आता काय करतात?"

"त्याच्यापाशी बसायचं, बाई."

त्या लाल मातीत लडकूच्या शेजारी बसल्या.

दोन वर्षांनी मायदेशी जाताना त्या मला लडकूच्या घरी ठेवून गेल्या. लडकूनं दुसरं लग्न केलं नाही. पोरीला, मंगळीला, वाढवलं. पुढं आगगाडी डोंगर चढू लागली आणि माझं काम संपलं. आता माझा वेत फाटलाय, अंगावर कोंबड्या झोपतात.

पुढच्या आठवड्यात मंगळीचं लगीन. काल ती म्हणाली, "बा, ही मोडकी खुर्ची चुलीला घालू का?"

"ऱ्हाऊ दे," एवढंच लडकू म्हणाला आणि उठून गेला.

आई घरातच गेली, असं तिला वाटतं. लडकू, मला जाळायचं तर खुशाल जाळ. पण त्याआधी पोरीला एकदा माझ्यात बसव, आणि सांग रं तिला.