जिपारने मान खाली घातली

सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे लग्नाआधीच आईने जिपारला बजावलं होतं. सासऱ्याचं नाव ताश्तान, दगडावरून ठेवलेलं. म्हणून गेली चार वर्षं ती दगडालाही दगड म्हणत नव्हती. नदीकाठी 'टणक', चुलीखाली 'टणक'. गावातल्या साऱ्याच सुना असं बोलत, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

गुरं डोंगरावरच्या कुरणातून खाली आली, की नारिन प्रांतातल्या त्या डोंगरी गावात फुप्फुसाच्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संस्थेची गाडी येई. छातीचे फोटो निघत, म्हातारे नळीत फुंकत, आणि खोकणाऱ्यांना थुंकीच्या डब्या मिळत. सकाळी उठल्याबरोबर डबीत खाकरायचं आणि डबी शाळेत पोचवायची. म्हातारे स्वतः कशाला जातील? सुना आहेत ना.

जिपार दोन डब्या घेऊन गेली. एक सासऱ्याची, एक त्यांच्या थोरल्या भावाची. थोरल्या मामंजींच्या डबीत नुसतं पाणी होतं. सासऱ्याच्या डबीत रक्ताचा दोरा होता. वाटेत तिने तो दोनदा पाहिला.

शाळेतल्या टेबलापाशी राजधानी बिश्केकहून आलेली नर्स होती. रक्ताची डबी हातात घेऊन तिने विचारलं, कुणाची? सासऱ्याचं नाव जिपारला घेता येईना. मागे बायकांची रांग होती. नर्सने यादीत त्या घरावर बोट ठेवलं आणि वरचं नाव वाचलं, "सारिबाय?" थोरल्याचं नाव कानावर पडताच सुनेने मान खाली घालायची असते. जिपारने घातली. शहरातल्या बाईला तो होकार वाटला. तिने डबीवर सारिबाय लिहिलं, दुसरीवर ताश्तान, आणि पुढचीला हाक मारली.

जिपारने ते पाहिलं होतं, खोटं कशाला बोला. ओठ हललेही होते. पण दोघे एकाच घरचे, काही निघालंच तर दोघांनाही तपासतील, असं तिने स्वतःला समजावलं आणि दूध काढायला घरी गेली.

आठ दिवसांनी गावच्या दवाखान्यात फोन आला. सारिबायला क्षय आहे, ताश्तान निर्धोक आहे. परवा संस्थेच्या डॉक्टर स्वतः येऊन रोग्याला नारिन शहराच्या इस्पितळात नेतील.

सासऱ्याला आता कुणी तपासणार नव्हतं, आणि जिपारला धास्ती बसली ती त्याचीच. कारण या घरात तिचा मुलगा बेकतुर होता. पहिलं मूल आजी-आजोबांचं, असा तिथला रिवाज. सासू वारलेली, जिपारचा नवरा रशियात इमारती बांधायला गेलेला. तीन वर्षांचा बेकतुर आजोबांनाच बाप समजे आणि जन्मदात्या आईला वहिनी म्हणे. झोपायचा आजोबांच्याच कोटाखाली, त्यांच्या छातीवर डोकं ठेवून.

बिचाऱ्या थोरल्या मामंजींची रवानगी मागच्या खोलीत झाली. त्यांची वाटी वेगळी, चहा दारातून. आणि ताश्तान निर्धोक ठरल्याच्या आनंदात दिवसभर नातवाला मांडीवर घेऊन बसू लागले. स्वतः चावलेला मटणाचा घास त्याला भरवत, मध्येच तोंड फिरवून खोकत. पोराला जरा बाहेर खेळू द्या, असं तिने एकदा सुचवून पाहिलं. निरोगी माणसापासून पोर कशाला तोडतेस, रोगी तर तिकडे आहे, असं म्हणत ते हसले. हसता हसता पुन्हा खोकले.

सांगावं तर सासऱ्याला रोगी ठरवणारी सून, आणि चूक तिचीच. न सांगावं तर पोर. ते दोन दिवस ती डोळ्याला डोळा लागू न देता बेकतुरच्या श्वासाकडे कान देऊन होती. ज्याला विचारावं असं माणूसच घरात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर दामिरा आल्या, नाकातोंडावर पट्टी बांधलेल्या. थोरले मामंजी नवी टोपी घालून, रडवेले होऊन गाडीशी उभे राहिले. शेजारीपाजारी कुंपणापाशी जमले. ताश्तान बेकतुरला कडेवर घेऊन भावाला निरोप द्यायला आले. गाडीचं दार उघडलं आणि भीतीनेच जिपारला पुढे ढकललं. ती डॉक्टरांच्या बाहीला धरून म्हणाली, "डब्या उलट झाल्या. मी पाहिलं होतं. यांना नेऊ नका."

डॉक्टरांनी कागद काढला. त्या आवाज न चढवता विचारू लागल्या, तेव्हा नर्सने कसं विचारलं, हिने काय केलं, हे सगळं बाहेर आलं. थोरले मामंजी गाडीला टेकून खाली बसले.

"मग ती रक्ताची डबी कुणाची?" डॉक्टरांनी विचारलं.

जिपारने सासऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"नाही बाई. मान हलवली, डोळे फिरवले, यातूनच हा घोळ झाला. डबी तू दिलीस, नाव तुझ्या तोंडून आलं पाहिजे. आमच्या संस्थेचा नियम आहे, आणि मी काही तुझ्या सासरची नाही. बोल."

बेकतुर आजोबांच्या दाढीत बोटं घालून खेळत होता. आपला आवाज जिपारला दुसऱ्याच बाईचा वाटला.

"ताश्तान," ती म्हणाली. आणि आता थांबली तर पुन्हा जमणार नाही म्हणून आणखी मोठ्याने म्हणाली, "डबी ताश्तानची. माझं पोर त्यांच्या छातीवर झोपतं."

म्हाताऱ्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. चार वर्षांत त्यांनी तिला उलट बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी खोकला येऊ लागला, तसे त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि खोकला आतल्या आत दाबत बेकतुरला घाईघाईने खाली जमिनीवर ठेवलं. दोन पावलं मागे सरले. पोर हात पसरून त्यांच्यामागे धावलं. ते आणखी मागे सरले, भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि कोटाची बाही तोंडावर धरून म्हणाले, "सूनबाई, धर त्याला."

तिने धरलं. तो लाथा झाडत, ओरडत होता. डॉक्टर म्हणाल्या की मुलालाही गाडीत घ्या, आजच तपासू. जिपारने त्याला उराशी दाबलं. रडता रडता तो खोकला. एकदाच खोकला, रडणारी पोरं खोकतात तसाच. अंगणातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.