शिट्टी थांबली तेव्हा

जुना म्हणा, पण भंगार म्हणू नका, मित्रांनो! मी एका शाळेच्या दवाखान्यातला स्टेथोस्कोप आहे. साधासुधा नाही बरं का. माझी चकती मुलाच्या छातीला लावली, की आतला आवाज तारेतून संगणकात जातो आणि तिथून तडक साठ किलोमीटरवरच्या डॉक्टरबाईंच्या कानात!

कारखान्यातून मोठ्या तोऱ्यात मी शाळेत आलो आणि वर्षभर कपाटात पट्ट्या-मलमांखाली पडून राहिलो. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

मग नर्सताई आल्या. त्यांनी मला बाहेर काढलं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं आणि म्हणाल्या, "इतकी गुणाची वस्तू, आणि धूळ खात ठेवतात होय!" तेव्हापासून मी त्यांचाच झालो.

शाळेत दम्याची अकरा मुलं होती. पूर्वी नुसत्या तपासणीसाठी त्यांच्या आईवडिलांची अख्ख्या दिवसाची रजा जायची. आता दर सोमवारी मुलं आमच्या खोलीत येत, डॉक्टरबाई पडद्यावरून "श्वास घे, सोड" म्हणत आणि ताई मला पाठीवरून फिरवत. दम लागला की छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. तो पकडण्यात मी पटाईत झालो. संगणकातून शिट्टी ऐकू आली की ताईंचा चेहरा उतरायचा. नाही आली की "शाब्बास!" म्हणून मुलाच्या पाठीवर थाप.

आमची सगळ्यांत लाडकी टकळी. नऊ वर्षांची, पण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. तिची आई बसमध्ये कंडक्टर. दोन महिने टकळीची छाती साफ राहिली, तेव्हा आईने तिचा दम्याच्या औषधाचा रोजचा पंप परस्पर बंद केला. आम्हाला पत्ताच नाही.

एके दिवशी खेळाच्या तासातून टकळीला धरून आणलं. छातीतली शिट्टी दारापासून ऐकू येत होती. ताईंनी तिला ताठ बसवलं, नळकांडं लावून तातडीचा पंप दिला, डॉक्टरबाईंना पडद्यावर बोलावलं आणि मला छातीवर टेकवलं. थोड्या वेळाने शिट्टी थांबली.

"थांबली बाई एकदाची!" ताई म्हणाल्या. मीही मनात हुश्श केलं.

"ताई, खूश होऊ नका!" डॉक्टरबाई ओरडल्या. "शिट्टी वाजायलाही हवा लागते. आत हवाच जात नाहीये. ती बोलतेय का?"

टकळी बोलत नव्हती. तिचे ओठ निळसर पडले होते. "कुणीतरी रुग्णवाहिका बोलवा!" असं ओरडून ताई पुन्हा पंप देऊ लागल्या. "एक... आता श्वास... आणखी एक," डॉक्टरबाई मोजत होत्या. मी छातीला चिकटून ऐकत होतो. काहीच नाही. एवढा मी हुशार, आणि मला ही शांतता ओळखता आली नव्हती! लाज वाटली हो.

सहाव्या की सातव्या वेळेला एक बारीक शिट्टी आली. मित्रांनो, जन्मभर ज्या आवाजाचा राग केला, तो त्या दिवशी मला अंगाईसारखा वाटला. "आली, आली!" म्हणत ताई रडायलाच लागल्या. तेवढ्यात रुग्णवाहिका आली आणि टकळीला प्राणवायू लावून घेऊन गेली.

आठवड्याने टकळी बडबडतच परतली. सोबत आई होती, खाली मान घालून. "मला वाटलं, बरी आहे, मग औषध कशाला?"

दुसरं कुणी असतं तर फैलावर घेतलं असतं. ताईंनी तिला पाणी दिलं. "माझं तरी कुठे बरोबर होतं? शिट्टी थांबली म्हणून मीही खूश झाले होते. आपण दोघीही शिकलो." अशी माणसं मी फार थोडी पाहिली.

आता माझी तार सैल झाली आहे. नवा स्टेथोस्कोप येणार म्हणतात. येऊ दे, त्यालाही जपा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा पंप सोडू नका. आणि शेजारच्या बाकावरचं धापा टाकणारं मूल एकाएकी गप्प झालं, तर त्याला बरं वाटलं असं समजून खेळायला जाऊ नका. धावत जा आणि ताईंना बोलावून आणा.