गोदामातलं घरचं वायफाय

खुर्च्या बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे नन्नाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर जाईल इतपत मोठ्यानं. कंपनीचं सगळं नेटवर्क तिच्या हाताखाली होतं आणि कुणी काही मागायला आलं की तिचा नन्नाचा पाढा सुरू व्हायचा. घरचा पेन ड्राइव्ह लावू का? नाही. मोबाईल ऑफिसच्या वायफायला जोडू का? नाही. पासवर्ड जरा सोपा ठेवू का? याला तर ती उत्तरही द्यायची नाही, नुसती बघायची. विचारणारा आपणहून परत फिरायचा.

या नावाचं तिला वाईट वाटत नसे, उलट थोडा अभिमानच होता. जवळच्याच एका कंपनीत कुणीतरी भलत्या ईमेलवर बोट ठेवलं आणि तिथलं सगळं काम ठप्प झालं, तेव्हा साहेबांनी तिला मुद्दाम बोलावून शाबासकी दिली होती. आपल्याकडे मुंगी शिरायला जागा नाही, असं ती तेव्हा म्हणाली होती. म्हणायला नको होतं.

त्या सकाळी ती खुर्चीत बसते न बसते तोच फोन खणखणू लागले. हिशेबवाल्यांचे कॉम्प्युटर चालू होते, पण सर्व्हर दिसत नव्हता. विक्रीवाल्यांची इंटरनेटच्या नावानं बोंब होती. गंमत म्हणजे शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचं सगळं सुरळीत आणि दुसरा कपाळाला हात लावून बसलेला.

तिच्या जोडीला काका होते. कंपनीत नुसते टेलिफोन होते तेव्हापासूनचे, आता निवृत्तीला टेकलेले. त्यांनी एक बंद पडलेला कॉम्प्युटर उघडून बघितला आणि चष्मा वर सरकवला.

"याला पत्ता कुणी दिला गं? हा आपला पत्ताच नाही."

तिनं वाकून बघितलं. काकांचं खरं होतं. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की तो नेटवर्कला विचारतो, माझा पत्ता काय? उत्तर द्यायचा मान एकट्या सर्व्हरचा. आज मात्र दुसरंच कुणीतरी मध्ये तोंड घालून भलतेच पत्ते वाटत होतं. ज्याच्या पदरात सर्व्हरचं उत्तर आधी पडलं तो वाचला, बाकीचे भरकटले.

ती तडक साहेबांकडे गेली. "साहेब, नेटवर्कवर कुणीतरी परकं यंत्र आहे."

"म्हणजे बाहेरचं कोणी घुसलंय?"

"तसं असू शकतं."

साहेबांचा चेहरा उतरला. "शोधून काढा. पोलिसांना कळवायचं असेल तर मला आधी सांगा."

मग शोध सुरू झाला. तारांच्या कपाटापाशी काका उभे राहिले आणि एकेका विभागाची तार क्षणभर उपसून परत खोचू लागले. ती लॅपटॉपवर लक्ष ठेवून होती. हिशेब विभाग काढला, परका चालूच. विक्री काढली, तरी चालूच. आणि एक तार काढताच तो गप्प झाला.

"कुठली ही?"

काकांनी तारेवरची चिठ्ठी वाचली आणि हळूच तिच्याकडे बघितलं. "गोदाम."

गोदाम म्हणजे तिच्या धाकट्या नणंदेचं राज्य. घरी दोघींचं मेतकूट असं की सासूबाई म्हणायच्या, तुमच्यात मीच पाहुणी. ऑफिसात मात्र दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत. तसं ठरवलंच होतं त्यांनी.

तार परत जागेवर बसवून दोघं गोदामात गेली. लोखंडी मांडण्यांच्या रांगा छतापर्यंत, त्यांत खोक्यांतल्या खुर्च्या. दोन रांगा ओलांडल्या आणि तिच्या हातातला मोबाईल थरथरला. घराच्या वायफायला जोडला गेल्याची खूण होती. नाव स्पष्ट दिसत होतं, चिमणीचं घरटं. तिच्या लेकीनं हौसेनं ठेवलेलं. ती जागच्या जागी थांबली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काका, माझ्या घरचं वायफाय इथं येतंय."

"तुझं घर तर नदीपलीकडे ना?"

शेवटच्या रांगेत, पाठ टेकायच्या उशांच्या गठ्ठ्यामागे तो सापडला. घरी नवा राउटर आणल्यावर तिनं कपाटात टाकून दिलेला जुना पांढरा डबा. त्याच्यावर सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं झाकणसुद्धा होतं. दिवे मजेत लुकलुकत होते. एवढ्यात नणंद खोकी मोजता मोजता तिकडे आली.

"हा इथं काय करतोय?"

"काम करतोय," नणंद म्हणाली. मग वहिनीचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "आईनं दिला. म्हणाली, धूळ खात पडलाय, ने. वहिनीनं आणलेली वस्तू म्हणजे सुरक्षितच असणार, असं वाटलं मला. काल संध्याकाळी लावला. काही चुकलं का?"

काकांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"अर्ध्या ऑफिसचं काम अडलंय तुझ्या या कामानं. मला आधी सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. घरी जेवताना सांगितलं, तर म्हणालीस ऑफिसचं ऑफिसात बोल. ऑफिसात बोलले, तर म्हणालीस नाही."

"पण तुला हवाच कशाला होता?"

नणंदेनं डब्याचं बटण बंद केलं, माल टिपायचं हातातलं यंत्र वहिनीला दिलं आणि खोक्यावर रोखायला सांगितलं. यंत्रानं नुसतीच भिरभिर दाखवली. ऑफिसचं वायफाय या लोखंडाच्या जंगलात पोचतच नव्हतं. मग नणंदेनं ते जड खोकं उचललं, दारापाशी नेलं, तिथं टिपलं आणि परत आणून ठेवलं. "असं दिवसभर," ती म्हणाली. "माझ्या कमरेला विचार."

इतकी वर्षं नन्नाबाई नेटवर्कचा नकाशा तोंडपाठ सांगायची, पण या रांगेत ती पहिल्यांदाच उभी होती. तिनं पांढऱ्या डब्याची तार काढली. क्रोशाचं झाकण नीट घडी करून नणंदेच्या हातात दिलं.

साहेब वाटच बघत होते. "सापडला चोर?"

"सापडला. माझी नणंद. आणि डबा माझ्याच घरचा."

साहेब आधी गंभीर राहिले, मग इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. पोलिसांऐवजी तुमच्या सासूबाईंना कळवायला हवं, म्हणाले. ती मात्र हसली नाही.

"चूक माझीही आहे, साहेब. वरच्या सगळ्या मजल्यांवर कुणी परका डबा लावला तर तो जागच्या जागी बंद पडतो. गोदामात तेवढा तारा जोडायचा जुना स्विच राहू दिला मी, तिथं कोण काय लावणार म्हणून. तो बदलायला हवा. आणि गोदामवाल्यांना चांगलं वायफाय द्यायला हवं. फक्त मालाच्या यंत्रांपुरतं, बाकी नेटवर्कपासून वेगळं."

"आणि शिक्षा?"

"तिची कंबर आधीच भोगतेय."

त्याच आठवड्यात काकांनी शिडीवर चढून गोदामात वायफायची नवी यंत्रं बसवली. बातमी तोवर सगळीकडे पसरली होती. नन्नाबाईच्या घरच्याच माणसाला माफी मिळाली म्हटल्यावर लोकांची भीड चेपली. विक्रीवाल्यांपैकी एकानं लपवलेला पेन ड्राइव्ह आणून तिच्या टेबलावर ठेवला. हिशेब विभागातल्या सगळ्यांत कडक बाईंनी कीबोर्डखाली चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी स्वतःच्या हातांनी फाडली आणि लक्षात ठेवायला सोपा, पण फोडायला अवघड असा पासवर्ड कसा करतात ते शिकवायला सांगितलं. ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

काम संपलं त्या संध्याकाळी नणंद-भावजय एकत्रच घरी निघाल्या. पुलावर नणंदेचा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"डबा चालतोय ना गं नीट?"

नणंदेनं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं फोन आपल्या हातात घेतला.

"त्याच्यापेक्षा चांगला बसवलाय आता, आई," ती म्हणाली. "आणि वायफाय शेवटच्या रांगेतही येतंय."